पर्यायांच्या यादीचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलण्यासाठी सामान्यतः विद्वानांना पाचारण करतात. मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण दहावीत थांबले. पुढचे जे काही झाले ते दिवसा मोटारीच्या कारखान्यातील लाइनीवर आणि रात्री वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास माझ्याकडून अपेक्षू नये. मी आज एका कागदाचा इतिहास सांगणार आहे. नवी मोटार घ्यावयास गेले म्हणजे विक्रेता आपल्यापुढे जो कागद सरकवतो, रंग कोणता, आसने कसली, चाके केवढी, बॅटरी कोणती, असे विचारणारा, त्या पर्यायांच्या यादीचा हा इतिहास आहे.

निमित्त असे झाले. माझ्याबरोबर पंचवीस वर्षे काम केलेल्या एका मित्राचा मुलगा अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. त्याला डोंगरवाटांवर, बर्फात हिंडण्याची हौस. त्याने शंभर डॉलर भरून स्काऊट नावाच्या नव्या विजेच्या गाडीसाठी नाव नोंदवले आणि मला फोन केला. म्हणाला, "काका, तुमचा जन्म मोटारी जोडण्यात गेला. यादी फार मोठी आहे. नुसती बॅटरीवाली घेऊ की बॅटरीबरोबर पेट्रोलचे छोटे इंजिन असलेली? पुढचा-मागचा डिफरन्शियल लॉक घेऊ का? पस्तीस इंची चाके घेऊ का?" मी म्हटले, "अरे, मला आठ दिवस दे." त्या आठ दिवसांचे आठ महिने झाले, आणि त्या वाचनातून हे व्याख्यान निघाले.

प्रथम ही गाडी काय आहे ते सांगतो. २४ ऑक्टोबर १९२४ नव्हे, २०२४ रोजी, म्हणजे अगदी अलीकडे, फोक्सवॅगन समूहातील स्काऊट मोटर्स या कंपनीने दोन नमुने लोकांपुढे मांडले. एक मागे हौदा असलेला टेरा, दुसरा बंद पाठीचा ट्रॅव्हलर. दोन्ही जुन्या ट्रकांसारखे वेगळ्या चासीवर उभे केलेले. नुसत्या बॅटरीवर सुमारे ३५० मैल, म्हणजे ५६० किलोमीटर, आणि बॅटरी भरणारे पेट्रोल इंजिन घेतल्यास ५०० मैलांहून अधिक पल्ला मिळेल, असे कंपनीने जाहीर केले. या दुसऱ्या पर्यायाला तिने नाव दिले हार्वेस्टर. नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी तोच पर्याय निवडला, असेही पुढे तिने सांगितले. हे हार्वेस्टर नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. त्याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता मागे जाऊ. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती लाइन सुरू झाली आणि एक सांगाडा जोडण्याचा वेळ साडेबारा तासांवरून १९१४ मध्ये ९३ मिनिटांवर आला. किंमत उतरत गेली ती १९२५ च्या सुमारास तीनशे डॉलरांच्याही खाली पोचली. परंतु याच काळात दोन गोष्टी नाहीशा झाल्या. १९१४ पासून १९२५ पर्यंत गाडी फक्त काळ्या रंगात मिळू लागली, हे सर्वांना ठाऊक असते. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. ज्या कारागिराला पूर्वी गाडीचा एखादा भाग पुरा जोडता येत होता, त्याच्या हाती आता एक नट राहिला. माणसे इतकी कंटाळून सोडून जाऊ लागली की जागा भरलेली ठेवण्यासाठी १९१३ मध्ये त्या कारखान्याला कामगारसंख्येच्या साडेतीनपटीहून अधिक माणसे भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये जाहीर झालेला दिवसाला पाच डॉलरांचा पगार हा त्यावरचा उपाय होता. ग्राहकाची निवड आणि कामगाराची निवड एकाच कारखान्यात, एकाच सुमारास आटली. हा योगायोग नव्हता. लाइनीला सारखेपणा हवा होता, मालातही आणि माणसातही.

इथे विजेच्या गाडीचाही एक संबंध आहे. विजेची मोटार ही आजची कल्पना नव्हे. १९०० च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या दर तीन-चार मोटारींत एक विजेची असे. ती आवाज करीत नसे, आणि मुख्य म्हणजे तिला हँडल मारावे लागत नसे. पेट्रोलच्या गाडीचे हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. मग चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. विजेच्या गाडीची मोठी सोय अशा रीतीने पेट्रोलच्या गाडीने उचलली, आणि विजेची गाडी मागे पडत गेली. फोर्डने हाच स्टार्टर १९१९ मध्ये मॉडेल टीवर जादा पैशांचा पर्याय म्हणून दिला. यादीतली एक ओळ एका संपूर्ण जातीच्या गाड्यांचे भवितव्य कसे बदलते, याचे हे उदाहरण आहे. म्हणून यादीकडे नुसती हौसेची बाब म्हणून पाहू नये.

फोर्डला हरवले ते जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने. ज्याची जेवढी ऐपत आणि जसे काम, तशी त्याला गाडी, हे त्याचे १९२४ मधील धोरण होते. खाली शेव्हरोले, वर कॅडिलॅक, मध्ये पायऱ्या. हप्त्याने पैसे देता यावेत म्हणून १९१९ मध्येच वेगळी पतकंपनी काढलेली होती. लवकर वाळणारा नवा रंग आल्यामुळे काळ्याखेरीज इतर रंग स्वस्तात देता येऊ लागले. मे १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली. ग्राहकाला निवड परत मिळाली.

कामगाराला मिळाली का? ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट गावातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामगार यंत्रांशेजारीच बसून राहिले आणि ४४ दिवस बाहेर आले नाहीत. त्यांच्या तक्रारींत पगारापेक्षाही लाइनीचा वेग मोठा होता. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने त्यांची संघटना मान्य केली. पुढे २१ नोव्हेंबर १९४५ रोजी त्याच कंपनीत संप झाला तेव्हा वॉल्टर रॉयथर या पुढाऱ्याने एक विलक्षण मागणी केली. पगार तीस टक्के वाढवा, पण गाडीची किंमत वाढवू नका. परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. माझ्या तीस वर्षांच्या चळवळीत मला यापेक्षा मोठी मागणी आढळली नाही. त्यात कामगार स्वतःसाठीच नव्हे, गाडी घेणाऱ्यासाठीही भांडत होता. संप ११३ दिवस चालला. तासाला साडेअठरा सेंटांची वाढ मिळाली. वह्या उघडल्या नाहीत.

१९५० मध्ये पाच वर्षांचा करार झाला. वर्तमानपत्री भाषेत त्याला डेट्रॉइटचा तह म्हणतात. पेन्शन आली, महागाईप्रमाणे वाढणारे वेतन आले, दवाखान्याच्या खर्चाचा वाटा आला. मी त्या पुढाऱ्यांना दोष देणार नाही. पेन्शन ही म्हाताऱ्या माणसाच्या घरात चूल पेटवणारी गोष्ट आहे. परंतु बदल्यात काय बनवायचे, कसे बनवायचे आणि कितीला विकायचे हा विषय टेबलावरून कायमचा उचलला गेला. त्यानंतरच्या काळात पर्यायांची यादी भराभर लांबली. १९६४ मध्ये फोर्ड मस्टँग २,३६८ डॉलर अशा आकर्षक मूळ किमतीला आली आणि बरोबर लांबलचक यादी घेऊन आली. मूळ किंमत ग्राहकाला दारात आणण्यासाठी, आणि यादी कमाईसाठी, हा व्यापार तेव्हापासून रूढ झाला.

पण यादीचा दुसराही एक वंश आहे, आणि डोंगरातल्या गाडीचा खरा पूर्वज तोच. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाके ओढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत नमुना तयार करून दिला. पुढे विलिज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. युद्धातल्या जीपला यादी नव्हती. सैन्याने जे ठरवले ते सर्वांना सारखे. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये विलिजने तीच गाडी शेतकऱ्यासाठी काढली, सीजे-२ए. तिची यादी मी वाचली तेव्हा मला हसू आले आणि मग आदर वाटला. मूळ किमतीत फक्त चालकाचे आसन होते. शेजारचे आसन जादा, मागचे आसन जादा, ताडपत्रीचे छप्पर जादा, हीटर जादा. मागचा दिवासुद्धा एकच, चालकाच्या बाजूचा. दुसरा हवा तर पैसे मोजा. आणि बाकीची यादी काय? इंजिनाची शक्ती बाहेर घेऊन यंत्रे चालवण्याची जोडणी, पट्ट्याची कप्पी, अवजार उचलणारा हायड्रॉलिक पंजा, गवत कापणी, बर्फ ढकलण्याचा फाळ, वेल्डिंगचे यंत्र, उष्ण प्रदेशासाठी मोठा रेडिएटर. यात एकही ओळ अशी नाही की जिच्यापुढे "कोणत्या कामासाठी?" असे विचारले तर उत्तर मिळणार नाही.

आपल्याकडेही जीप आली ती याच वंशाची. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिजचे सुटे भाग जोडून महिंद्रांनी जीप उभी करण्यास प्रारंभ केला. आपल्या तालुक्यातील वयोवृद्ध श्रोत्यांना मामलेदाराची, सिंचनखात्याची किंवा निवडणुकीतली जीप आठवत असेल. तिला कोणी मोठी चाके दिसायला बरी म्हणून लावली नाहीत.

या जीपला तोंड देण्यासाठी शेतीची यंत्रे आणि ट्रक बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ सालासाठी स्काऊट काढली. इंडियाना राज्यातील फोर्ट वेनच्या कारखान्यात ती बनत असे. तिचे चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे त्याच कंपनीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचा अर्धा भाग. दोन चाकांची ओढ घ्या की चारांची, छप्पर अर्धे की पूर्ण, अशी तिची यादी साधी होती. वीस वर्षांत पाच लाखांहून अधिक स्काऊट बाहेर पडल्या.

१ नोव्हेंबर १९७९ रोजी हार्वेस्टरच्या सुमारे ३५,००० कामगारांनी संप पुकारला. भांडणाचे मूळ पगारात नव्हते. जादा वेळ थांबायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिथल्या कामगाराकडे होता. कंपनीला तो काढून घ्यावयाचा होता. संप १७२ दिवस चालला. कामगारांनी अधिकार राखला. ऑक्टोबर १९८० मध्ये स्काऊटचे उत्पादन बंद झाले, आणि काही वर्षांत फोर्ट वेनचा कारखानाही.

संपाने स्काऊट मेली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले सापडते. मी संघटनेचा माणूस असल्यामुळे माझी साक्ष पक्षपाती मानावी, तरीही सांगतो. संपाने कंपनीला मोठा घाव घातला, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच वेळी तेलाचे भाव भडकले होते, व्याजाचे दर चढले होते आणि ट्रक व ट्रॅक्टर घेणारा गिऱ्हाईक हात आखडून बसला होता. आणि त्याच वर्षी कंपनीच्या प्रमुखाला दिलेले सुमारे १८ लाख डॉलरांचे कर्ज संचालकांनी माफ केले. संध्याकाळी सहाला घरी जाण्याचा अधिकार मागणारा माणूस महाग, आणि हे कर्ज स्वस्त, असा हिशेब ज्या वहीत लिहिला गेला ती वही कोणीतरी उघडून पाहायला हवी होती.

आता पुन्हा विजेच्या स्काऊटकडे येऊ. हार्वेस्टरचा ट्रकचा धंदा जिच्याकडे राहिला होता ती नेव्हिस्टार कंपनी २०२१ मध्ये फोक्सवॅगन समूहात आली आणि तिच्याबरोबर स्काऊट हे नावही. नवा कारखाना फोर्ट वेनला नाही. तो दक्षिण कॅरोलायनात ब्लाइथवुड येथे उभारण्याचे ठरले. संघटित कामगारांचे प्रमाण सबंध अमेरिकेत ज्या राज्यांत अगदी कमी आहे, त्यांपैकी ते एक राज्य आहे. आणि ज्या कंपनीच्या कामगारांनी १७२ दिवस उपाशी काढले तिचे नाव आज पर्यायांच्या यादीतली एक ओळ झाले आहे. खूण करा आणि पैसे भरा.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो. मी ज्या कारखान्यात होतो तिथे माझे काम डॅशबोर्ड बसवण्याचे. स्वस्त मॉडेल असो की टॉप मॉडेल, आतला तारांचा जुडगा बहुधा एकच येई, कारण दोन प्रकारचे जुडगे ठेवण्यापेक्षा एकच ठेवणे कंपनीला सोयीचे. स्वस्त गाडीत ज्या सोयी नाहीत त्यांच्या बटणांच्या जागी आम्ही डमी बटणे ठोकत असू. तार तिथपर्यंत आलेली, पण पुढे काही नाही. एका शिफ्टमध्ये शेकडो खोटी बटणे मी या अंगठ्याने दाबून बसवली आहेत. मॉडेले वाढत गेली, पण प्रत्येक गाडीमागे आम्हांला मिळणारे सेकंद तेवढेच राहिले. गिऱ्हाइकाने यादीत एक खूण वाढवली की लाइनीवर कोणाचा तरी हात थोडा अधिक धावतो, हे त्याला कधी कळत नाही.

विजेच्या गाड्यांत हे खोटे बटण पडद्याआड गेले आहे. २०१६ मध्ये टेस्लाने मॉडेल एसचा एक स्वस्त प्रकार विकला. त्यात बॅटरी ७५ किलोवॉट-तासांची होती, पण तिचा काही भाग संगणकाच्या आज्ञेने कुलूपबंद होता. उघडायचा तर पैसे. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडावर इर्मा वादळ आले तेव्हा पळणाऱ्या लोकांसाठी कंपनीने ते कुलूप दुरूनच काही दिवस उघडले. त्या लोकांना मदत झाली, चांगलेच झाले. पण त्या दिवशी हेही उघड झाले की मालकाच्या दारात उभ्या असलेल्या गाडीची किल्ली आणखी कोणाच्या तरी हातात आहे. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत आसन गरम करण्याच्या सोयीला महिन्याचे भाडे लावले. आसनाखालची तार कामगाराने बसवलेली, तिचे वजन गाडी वाहत आहे, आणि तरी ऊब मात्र भाड्याची! लोक संतापले आणि २०२३ मध्ये कंपनीने तो प्रकार सोडून दिला. ग्राहक एकजुटीने बोलला तर यादी बदलते, हे यातून दिसते.

तेव्हा मित्राच्या मुलाला मी काय सांगितले? शेतकऱ्याच्या जीपची यादी डोळ्यांपुढे ठेवून प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचार, असे सांगितले. पहिला, हे कोणत्या कामासाठी? तू वर्षातून किती दिवस खऱ्या चिखलात उतरणार आहेस? एक चाक नुसते फिरू लागले असता दुसऱ्यालाही तितकेच फिरवणारा डिफरन्शियल लॉक चिखलात खरोखर उपयोगी पडतो, तो घे. पस्तीस इंची चाके मात्र रोजच्या रस्त्यावर बॅटरी खातात. दुसरा, याचे वजन कोण वाहणार? मोठी बॅटरी म्हणजे मोठे ओझे. थंडीत पल्ला घटतो, आणि मागे जड ट्रेलर जोडला तर तो जवळजवळ अर्ध्यावर येतो. तू मिशिगनच्या बर्फात ट्रेलर ओढणार असशील तर इंजिनाचा पर्याय वेडेपणाचा नाही. कामावर जाऊन-येऊन रात्री घरीच चार्ज करणार असशील तर ते इंजिन, त्याचे तेल आणि त्याची देखभाल तू उगाच वाहशील. तिसरा, हे बिघडले तर दुरुस्त कोण करील? गावातल्या गॅरेजवाल्याला ते उघडता येईल का, की कंपनीचीच वाट पाहावी लागेल? चौथा, पैसे दिल्यावर ते तुझे होईल का, की महिन्याला परवानगी घ्यावी लागेल?

तो म्हणाला, "काका, हे सगळे माझ्या फायद्याचे झाले. तुमचा प्रश्न कोणता?" माझा प्रश्न पाचवा. हे बनवणाऱ्याला काही बोलता येते का? त्याच फोक्सवॅगन समूहाच्या टेनेसी राज्यातील चॅटनूगा कारखान्यात २०१४ मध्ये आणि २०१९ मध्ये कामगारांनी संघटनेविरुद्ध कौल दिला होता. एप्रिल २०२४ मध्ये त्याच कारखान्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश मते संघटनेच्या बाजूने पडली. म्हणजे दक्षिणेत हे घडूच शकत नाही, असे आता कोणी म्हणू शकत नाही. ब्लाइथवुडमध्ये काय होईल ते तिथले कामगार ठरवतील.

हे सर्व अमेरिकेचे झाले, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रांनी चाकणला बनणाऱ्या विजेच्या गाड्या पुढे आणल्या. त्यांतही ५९ आणि ७९ किलोवॉट-तास अशा दोन बॅटऱ्या आणि सोयींचे चढते पॅक आहेत. या सभागृहातील काहींच्या घरी तो कागद येईल, आणि काहींची मुले ती गाडी जोडायला जातील. कधी एकाच घरात दोन्ही होईल. घरी कागदावर खूण करणारा आणि लाइनीवर ती खूण पुरी करणारा या दोघांनी एकमेकांशी बोलावे, एवढीच माझी विनंती आहे. १९४५ मध्ये ते बोलणे सुरू झाले होते. ते मध्येच राहून गेले.

मित्राच्या मुलाने परवा यादी पुन्हा पाठवली. मोठ्या चाकांवर त्याने काट मारली आहे, डिफरन्शियल लॉक ठेवला आहे, इंजिनाच्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह आहे. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे: बॅटरीचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलून मिळेल का, हे कंपनीला लेखी विचारणे. ही ओळ त्याच्या बापाला आवडली असती. आमचा तो मित्र बॅटरीच्याच स्टेशनवर होता.